अनुस्वार की धुळीचा कण?

बेंगळुरूत बनशंकरीहून मेट्रोच्या हिरव्या मार्गावर यशवंतपूरकडे निघालं की वाटेत भारतीय विज्ञान संस्थेचा परिसर जवळ येतो. फोनवर फुकट मिळणाऱ्या जुन्या मराठी पुस्तकांचा एक मोठा साठा याच संस्थेचं देणं आहे, हे बनशंकरी-जयनगरातल्या किती मराठी घरांना ठाऊक असेल कोण जाणे. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ची सूत्रं इथे होती. संगणकतज्ज्ञ राज रेड्डी आणि संस्थेतले प्रा. एन. बालकृष्णन यांनी हे काम उभं केलं. मूळ संकेतस्थळ पुढे बंद पडलं, पण पुस्तकं ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर वाचायला मिळतात.

तिथे शिरलात की शोधाच्या चौकटीवर फार भिस्त ठेवू नका. शीर्षकं बहुतेक रोमन लिपीत आणि टंकणाऱ्याला सुचतील तशी. पण खरी गोम पुस्तकाच्या आत आहे. स्कॅन म्हणजे नुसता पानाचा फोटो. त्यातून अक्षरं ओळखायची ती ‘ओसीआर’ नावाच्या प्रणालीने. छापील इंग्रजीत दोन अक्षरांमध्ये फट असते. देवनागरीत शिरोरेषा अख्खा शब्द बांधून टाकते. म्हणून जुन्या पद्धती ओळीतली सर्वांत काळी आडवी पट्टी हुडकून ती पुसायच्या आणि सुटे झालेले तुकडे ओळखायच्या. आता टेसरॅक्टसारखी प्रणाली न्यूरल नेटवर्कच्या साहाय्याने सबंध ओळ एका दमात वाचते.

तरी टिंबं छळतातच. इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने स्कॅन केलं, तर अर्ध्या मिलिमीटरचा अनुस्वार जेमतेम सहा ठिपके रुंद भरतो. जुनाट कागदावरचा डागही तेवढाच. डाग पुसणारा प्रोग्रॅम जरा उत्साही निघाला की ‘मंद’चा ‘मद’ होतो. आळशी निघाला तर उलटं.

त्यात कायद्याने एक गंमत करून ठेवली आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचं लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त होतं. म्हणजे बिनधास्त वाचता येणारी पुस्तकं बहुतांशी १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीची, ‘केलें’, ‘नाहीं’, ‘घरांत’ लिहिणारी. जिथे टिंबं सर्वांत जास्त, नेमकी तीच पानं सर्वांत पिवळी! तुम्ही आजच्या वळणाने ‘नाही’ शोधलंत, तर अक्षरशः जुळणी करणाऱ्या यंत्राला ‘नाहीं’ दिसत नाही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र तर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच, यंत्राच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द.

त्यामुळे इथे सरळ भटकावं, या मताचा मी आहे. कुठलंही पुस्तक उघडून मागून चाळायला लागावं. प्रकाशकाच्या जाहिराती, आण्यांतल्या किमती, वाचनालयाचे शिक्के, कुणीतरी पेन्सिलीने मारलेल्या खुणा, यातलं काहीही शोधून सापडणारं नसतं. नेमकी माहिती हवी असेल, तर मराठी विश्वकोश किंवा केतकरांचा १९२० च्या दशकातला ज्ञानकोश गाठावा. त्यांच्या संकेतस्थळांवर मजकूर युनिकोडमध्ये आहे, शोध चालतो. अर्थात ज्ञानकोशात एका नोंदीसाठी शिरलेला माणूस एका नोंदीवर थांबत नाही, हा भाग वेगळा.

स्कॅन आणि मजकूर शेजारी शेजारी पाहायचे असतील, तर मराठी विकिस्रोत आहे. तिथे डावी-उजवी बाजू ताडून माणसं चुका सुधारतात. न तपासलेलं पान लाल, एकदा तपासलेलं पिवळं. हिरवं व्हायला दुसऱ्या सदस्याने ते पुन्हा तपासावं लागतं, स्वतःचं स्वतः चालत नाही. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर हे काम जिकिरीचं होतं, लॅपटॉप घेऊन बसलेलं बरं. खातं उघडायला पैसे पडत नाहीत.