असईचा सेनापती

भंडारा जिल्ह्यातील सानगडी, साकोली हा सारा मुलूख एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. या राज्यावर मोठा आघात करणाऱ्या इंग्रज सेनापतीचे नाव आर्थर वेलस्ली. तो आपला शत्रू होता. तथापि शत्रूचे गुणही पारखून घ्यावेत, असे शहाणे लोक सांगतात.

वेलस्लीचा जन्म इ. स. १७६९ मध्ये आयर्लंडात झाला. १७९७ मध्ये तो हिंदुस्थानात आला. पुढच्याच वर्षी त्याचा थोरला भाऊ गव्हर्नर जनरल झाला. त्यामुळे त्याला मोठे अधिकार लवकर मिळाले. परंतु ते त्याने कष्टाने सांभाळले. सैन्याचे धान्य, ओझ्याचे बैल, नद्या ओलांडण्यासाठी नावा या सर्वांची तजवीज तो जातीने पाही.

१८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसई येथे इंग्रजांशी तह केला. तो शिंदे व भोसले यांना रुचला नाही आणि १८०३ मध्ये युद्ध पेटले. २३ सप्टेंबर रोजी असई गावाजवळ मराठ्यांची प्रचंड सेना वेलस्लीच्या दृष्टीस पडली. तिच्यापाशी शंभराच्या आसपास तोफा होत्या. मध्ये केळणा नदी आडवी होती. 'येथे जवळपास उतार नाही,' असे वाटाड्यांनी सांगितले. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले, तो नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. इतक्या जवळच्या गावांतील माणसांचे जाणेयेणे असणारच. तेव्हा तेथे उतारही असला पाहिजे, असे अनुमान त्याने केले. ते खरे ठरले आणि त्याची फौज नदीपार झाली.

लढाई घनघोर झाली. मराठी गोलंदाज तोफांपाशीच लढत पडले. वेलस्लीचा एक घोडा ठार झाला, दुसरा जखमी झाला. त्याचे दीड हजारांहून अधिक सैनिक मृत वा जखमी झाले. त्यांत कित्येक मद्रासकडील हिंदी शिपाई होते. अखेर विजय त्याला मिळाला. पुढे आडगावची लढाई आणि गाविलगडचा किल्लाही त्याने जिंकला. १७ डिसेंबर रोजी देवगावच्या तहाने भोसल्यांना कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला. सानगडीकडील मुलूख मात्र भोसल्यांकडे राहिला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तेव्हा तोही गेला.

१८०५ मध्ये वेलस्ली स्वदेशी परतला. 'ड्यूक ऑफ वेलिंग्टन' या नावाने तो प्रसिद्धीस आला. १८१५ मध्ये वॉटर्लू येथे त्याने नेपोलियनचा पराभव केला, १८२८ मध्ये तो इंग्लंडचा पंतप्रधान झाला आणि १८५२ मध्ये वारला. आपली सर्वांत उत्तम लढाई कोणती, असे विचारले असता त्याने वॉटर्लूचे नव्हे, तर असईचे नाव घेतले, असे सांगतात.

असईस मराठ्यांच्या बाजूला शौर्य उणे नव्हते. उणी होती ती एकी. त्या युद्धात होळकर अलिप्त राहिले. ज्या दोन गावांवरून वेलस्लीने उतार ओळखला, ती तर सर्वांच्याच डोळ्यांसमोर होती. सर्वांना दिसते, पण विचार एखादाच करतो. हा गुण शत्रूकडूनही शिकण्यासारखा आहे.