फुकटच्या खेळाचा गल्ला कुठे?

पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा 'इंडस बॅटल रॉयल' हा मोबाइलवरचा गोळीबाराचा खेळ आम्ही चिखलीत पोरांसोबत बसून पाहिला. २०२२ साली त्याची घोषणा झाली, चाचण्या झाल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. विरलोक नावाच्या काल्पनिक भूमीवर उतरायचे, शेवटपर्यंत टिकायचे किंवा 'कॉस्मियम' ताब्यात घेऊन जिंकायचे. देखावा देशी वळणाचा आहे, तो आवडला.

खेळ फुकट, मग कमाई कशावर? पात्रांचे पोशाख आणि बंदुकांची सजावट यांवर. शिंप्याने शिवलेला सदरा फाटला तरी चिंधी उरते. इथे हातात काहीच पडत नाही. मात्र एक पोशाख एकदा तयार झाला की तोच लाखोंना विकता येतो. ना कापड, ना गोदाम. नक्षीचा हात असलेल्या आपल्या मुलांनी ही बाजू जरूर पाहावी.

नशिबावर वस्तू निघणारी पेटी कुठल्याही खेळात दिसली, तर आम्ही तिला जुगारच म्हणू. आणि दुकानदार भावांनो, गिऱ्हाइकाचे पैसे ज्या मोबाइलवर येतात तो पोराच्या हाती देऊ नका. निदान पिन तरी त्याला कळू देऊ नका.