आतड्यातील जीवाणू, स्मृतिभ्रंश आणि प्रश्नावलीची भाषा

आतड्यातील जीवाणूंचा स्मृतिभ्रंशाशी संबंध हा वस्तुतः वैद्यकाचा विषय होय. भाषाभ्यासकाने त्यात लक्ष का घालावे, याचे उत्तर रोगनिदानाच्या पद्धतीत सापडते.

भाकरी, कडधान्ये यांतील न पचणारा तंतुमय भाग मोठ्या आतड्यातील जीवाणू आंबवितात व त्यापासून ब्युटिरिक आम्लासारखी द्रव्ये निर्माण होतात. ही द्रव्ये आतड्याचे अस्तर सुस्थितीत ठेवतात. अस्तर दुबळे झाल्यास जीवाणूंची विषे रक्तात उतरून दाह मेंदूपर्यंत पोचत असावा, असा तर्क आहे. विस्कॉन्सिन येथील संशोधकांनी २०१७ मध्ये अल्झायमर विकाराच्या २५ रुग्णांची तितक्याच निरोगी व्यक्तींशी तुलना केली, तेव्हा रुग्णांच्या आतड्यांत जीवाणूंचे वैविध्य कमी आढळले. परंतु स्मृती गेलेल्या माणसाचे जेवणही बदलते. तेव्हा आधी आतडे बिघडले की मेंदू, हे अद्याप ठरावयाचे आहे.

असा शोध शहापूर-मुरबाडच्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी वस्त्यांत घ्यावयाचा झाला तर? भात, नाचणी, वरी यांवर वाढलेल्या वृद्धांचे जीवाणू प्रयोगशाळेत मोजता येतील. स्मृतिभ्रंश मात्र गावपातळीवर प्रश्नोत्तरांवरूनच प्रथम ओळखावा लागतो. फोल्स्टाइन यांच्या १९७५ च्या चाचणीत तारीख सांगावी लागते, शंभरातून सात-सात वजा करावे लागतात, एक वाक्य लिहावे लागते. हरियाणातील बल्लभगड येथे निरक्षर वृद्धांसाठी केलेल्या, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदी चाचणीत लेखनाऐवजी 'आपल्या घराविषयी काही सांगा' असे विचारले आहे. हा बदल फार शहाणपणाचा.

मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेला मोठी जत्रा भरते. 'आज तारीख कोणती?' या प्रश्नाला एखाद्या आजीने 'जत्रा भरून पाच दिवस झाले' असे उत्तर दिले, तर ते पंचांगाशी तंतोतंत जुळते. तरी शहरी परीक्षक शून्य गुण देईल. मग निरोगी आजींचे जीवाणू रुग्णांच्या रकान्यात जातील. ही चूक विखुरलेलीही नसते. ज्यांना शाळा लाभली नाही, ज्यांची बोली निराळी आणि ज्यांचे अन्न नाचणीचे, अशी माणसे पुष्कळदा तीच असतात. म्हणजे दोष भाषेचा असून तो अन्नावर व जीवाणूंवर जाईल.

उलट बाजूने 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आणि 'म्हातारचळ' हा शब्द खऱ्या रोगालाही वयाचा स्वभाव ठरवितात, व घरची माणसे तो सांगतच नाहीत.

कातकरी बोलीची नोंद ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात १९०५ मध्येच झाली आहे. प्रमाण मराठीतील प्रश्नांचे शब्दशः रूपांतर तेथे पुरणार नाही. प्रश्न त्या बोलीतच बांधून आधी निरोगी वृद्धांना विचारून पाहावे लागतील, आणि मगच नमुन्यांच्या बाटल्या वाटाव्या लागतील.