डाव्या पायाखालची टकटक

सिंहगडाचा घाट चढताना आवाज सुरू झाला. डावा पाय खाली गेला की टक. पायडल असेल, चेन कोरडी असेल, अशी स्वतःची समजूत घालत वर पोचलो, कांदाभजी आणि मडक्यातलं दही खाल्लं नि तसाच उतरलो. पुढचे दोन आठवडेही तसेच रेटले. चूक झाली ती त्या दोन आठवड्यांत.

दुकानात काकांनी सायकल स्टँडला टांगली. पायडलकडे पाहिलंही नाही. दोन्ही क्रँक मुठींत धरले आणि फ्रेमच्या बाजूला आत-बाहेर हलवून पाहिले. दोन्ही एकदम हलले तर मधलं बेअरिंग गेलं. एकच हलला तर तो एक्सलवर सुटलाय. उजवा ढिम्म. डावा हलला, केसभर.

"आवळून द्या की," मी म्हणालो.

"आवळीन. आधी काढून बघू."

टोपण काढलं, 8 नंबरच्या ऍलन कीने बोल्ट सोडवला, मग क्रँक ओढून काढणारा पुलर. पुलर मात्र त्यांनी पान्याने नाही, हाताने, शेवटच्या आट्यापर्यंत फिरवत नेला. अर्धवट बसवून जोर लावला की क्रँकचे आटे सोलून निघतात, आणि मग तो काढायला कधीकधी कटरच लागतो.

क्रँक हातात आला. एक्सलचं टोक चौकोनी, बाहेरच्या बाजूला निमुळतं होत गेलेलं, आणि पोलादाचं. त्यावर बसणारा क्रँक ऍल्युमिनियमचा. बोल्टचं काम एवढंच, क्रँकला त्या उतारावर पाचरीसारखं घट्ट रेटून ठेवायचं. पकड पाचरीची. ती सुटली की पोलादाचे कोपरे दर फेऱ्याला मऊ धातू चेपत राहतात. भोकात करंगळी फिरवली तर कोपऱ्याशी कडा लागली, बोटाला राखाडी भुकटी आली. 170 मिलिमीटरच्या क्रँकवर 70 किलोचा माणूस चढावर उभा राहिला तर एक्सलवर साधारण 117 न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. मी घाटभर तेच करत होतो.

"आता आवळला तरी चार दिवस. भोक गेलं."

आमच्या लहानपणच्या काळ्या सायकलींना क्रँक एक्सलवर अडकवायला कॉटर असायची. ढिली झाली की हातोडीचे दोन घाव, फार तर नवी कॉटर. झिजायची ती कॉटर, क्रँक बहुधा शाबूत. इथे झिजायला वेगळं काही ठेवलेलंच नाही.

काकांनी जुना क्रँक भंगाराच्या डब्यात टाकला. आत आणखी चार-पाच होते. उचलून पाहिले, सगळे डावे.

नवा बसवताना एक्सलची टोकं फडक्याने कोरडी पुसली. ग्रीस फक्त बोल्टच्या आट्यांना. टोकालाही लावावं की नाही यावर सायकलवाल्यांत कायमचा वाद आहे. काका कोरड्याच्या बाजूचे. मग टॉर्क पाना, 40 न्यूटन-मीटरवर. म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला सुमारे 18 किलोचा भार. माझी घरची ऍलन की त्याच्या निम्मीही नाही. तिने 40 गाठायला पैलवान हवा. पोकळ एक्सलच्या नव्या क्रँकचं निराळं: डाव्या बाजूचे दोन छोटे बोल्ट आलटूनपालटून, 12 ते 14 पर्यंत, आणि त्याआधी टोकाची टोपी नुसती बोटांच्या जोराने.

"पन्नासेक किलोमीटर मारून या."

आलो. बोल्ट किंचित फिरला आणि पान्याने कट्ट केलं. पुढच्या रविवारी पुन्हा नेली, तेव्हा हललाच नाही. काकांनी पाना पुसून ठेवला.

"आता याला हात लावायचा नाही. सारखं आवळलं की क्रँक आणखी वर चढत जातो, शेवटी तडकतो. पाना घेतलाय ना तुम्ही नवा? हात शिवशिवतील, तेवढं सांभाळा."