जुन्या मोटारीचा कार्बोरेटर व इथेनॉलमिश्रित पेट्रोल : दोषनिदानाचा विचार

‘कार्बोरेटरमध्ये कचरा आला’ हे वाक्य गॅरेजमध्ये निदान म्हणून उच्चारले जाते. वस्तुतः ते बहुधा निदान नसून निदानाच्या जागी ठेवलेले एक सोयीचे नाव असते. इंजिन मिस मारते, पिकअप घेत नाही, स्लोवर बंद पडते, या सर्व तक्रारींना तेच उत्तर मिळते आणि कार्बोरेटर उतरवून धुतला जातो. अलीकडे त्याच्या जोडीला ‘नवे पेट्रोल वाईट’ हे दुसरे उत्तर आले आहे. दोन्ही उत्तरे कधी कधी खरी असतात. परंतु ती केव्हा खरी असतात हे ठरविण्याची रीत त्या शब्दांत नाही.

उदाहरणादाखल मुंबईत कुर्ला येथे तयार झालेली प्रीमियर पद्मिनी घ्यावी. मूळच्या फियाट ११०० ला हे नाव १९७४ मध्ये मिळाले. १०८९ घन सेंटिमीटरचे तिचे इंजिन ज्या काळात आखले गेले, त्या काळी पेट्रोलमध्ये शिसे असे, इथेनॉल नसे. मुंबईतील टॅक्सी म्हणून तिचा काळ ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. त्या टॅक्सींपैकी बहुतेक आधीच सीएनजीवर गेल्या होत्या, त्यामुळे प्रस्तुत प्रश्न आज उरतो तो प्रामुख्याने घरोघरी जपून ठेवलेल्या गाड्यांपुरता. पेट्रोलमधील शिसे १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाले. त्याचा संबंध व्हॉल्व्हच्या बैठकीशी आहे, कार्बोरेटरशी नाही. कार्बोरेटरशी संबंध येतो तो इथेनॉलचा. त्याचे सरासरी प्रमाण जून २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आले, फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्क्यांचे मिश्रण पंपांवर मिळू लागले, आणि २०२५ मध्ये तेच सर्वसाधारण झाले.

इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू असतो. साध्या पेट्रोलच्या एका भागाच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ भाग पुरते. वीस टक्के मिश्रणाला म्हणून १३.५ च्या आसपास हवा हवी. नव्या गाडीतील संगणक ही गोष्ट ओळखून इंधन वाढवितो. कार्बोरेटरला ती ओळखण्याचे साधन नाही. जेटचे छिद्र जेवढे, तेवढेच इंधन तो सोडणार. परिणामी मिश्रण सुमारे ८ टक्के पातळ होते. जुने कार्बोरेटर थोडे दाट बसविण्याची पद्धत असल्यामुळे दहा टक्क्यांपर्यंतचा फरक अनेक गाड्यांनी मुकाट्याने सोसला. विसाव्या टक्क्याला ती सवलत संपते. गाडी गरम चालू लागते, एका वेगावर धरली असता पुढेमागे हिसके देते, थंडीत चोक अधिक वेळ मागते.

येथेच निदानाची खरी अडचण आहे, कारण मिश्रण पातळ होण्याची कारणे एकाहून अधिक असून बाहेरून दिसणारे लक्षण एकच असते. इंजिन तापल्यावर, चालत्या स्थितीत, चोक किंचित ओढून पाहावा. त्याने इंजिन सुधारले तर मिश्रण पातळ आहे एवढेच सिद्ध होते; का पातळ आहे, हे होत नाही. त्यासाठी लक्षण कोणत्या वेगावर उमटते ते पाहिले पाहिजे. इथेनॉलमुळे आलेला पातळपणा स्लोपासून पूर्ण रेसपर्यंत सर्वत्र सारखा असतो. स्लो जेटमध्ये कण अडकला असेल तर केवळ स्लो बिघडतो, रस्त्यावर गाडी ठीक धावते. कार्बोरेटरखालच्या गॅस्केटमधून किंवा झिजलेल्या थ्रॉटल दांड्याच्या बाजूने हवा शिरत असेल तर स्लोवर दोष सर्वांत तीव्र असतो व रेस वाढवावी तसा ओसरतो, कारण थ्रॉटल उघडल्यावर मॅनिफोल्डमधील पोकळी कमी होते. चढावर किंवा ओझे असतानाच दम तुटत असेल, तर मेन जेट, फिल्टर अथवा पेट्रोल पंप तपासावा. हे न पाहता मिश्रणाचा स्क्रू फिरविणे म्हणजे रोग न ओळखता औषध देणे होय. तो स्क्रू बहुतांशी स्लोपुरताच असतो.

पातळपणा सर्वत्र सारखा आढळल्यास उपाय जेटचाच. सोलेक्स जेटवरील अंक छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो. १२० च्या जागी १२५ बसविल्यास व्यास ४ टक्क्यांनी, म्हणून क्षेत्रफळ साधारण ८ टक्क्यांनी वाढते. हवी तेवढीच वाढ. तार घालून छिद्र ‘साफ’ करणारे हात हेच काम बेहिशेबी करून बसतात.

जाता जाता एका शब्दाविषयी. ‘चोक ओढणे’ यातील चोक ही हवा अडविणारी झडप, ‘जेट चोक झाला’ यातील चोक म्हणजे तुंबणे, आणि जुन्या इंग्रजी तांत्रिक पुस्तकांत हाच शब्द कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यालाही लावलेला आढळतो. ‘चोकचा प्रॉब्लेम आहे’ असे म्हणणारा मालक व ते ऐकणारा मिस्त्री पुष्कळदा दोन वेगळ्या वस्तूंविषयी बोलत असतात. ‘एअर पकडली’ या प्रयोगाचेही तसेच: उन्हाळ्यात पेट्रोलच्या नळीत जमते ती हवा नव्हे, पेट्रोलचीच वाफ असते.

उष्णतेचा दोष वेळेवरून ओळखता येतो. गाडी चांगली धावून आली, पंधरा-वीस मिनिटे उभी राहिली, आणि मग सुरू होईना, तर कारण बहुधा कार्बोरेटरच्या वाटीत उकळलेले पेट्रोल हे असते. मात्र उकळण्याचे परिणाम परस्परविरुद्ध दोन संभवतात. पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये सांडले असेल तर इंजिन ओले होते. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सेल्फ मारल्यास ते काळा धूर सोडून सुरू होते. उलट वाटी रिकामी झाली असेल, तर एअर क्लीनर काढून थ्रॉटल हलविला तरी आत पेट्रोलची पिचकारी दिसत नाही. पहिल्यावरचा उपाय दुसऱ्यावर केल्यास केवळ बॅटरी उतरते.

दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीचा विचार निराळा. इथेनॉल हवेतील बाष्प ओढून घेते, आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर करतात. पंपाची नळी नेमकी तेथूनच ओढते. कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळा उभ्याने काढलेल्या गाडीत कार्बोरेटरला हात लावण्यापूर्वी तळाचे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवावे. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करणे भाग आहे.

रबराच्या बाबतीत मात्र सवड देता येत नाही. जुन्या नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात, पुढे चिरतात. नीडल व्हॉल्व्हचे जुने रबरी टोक फुगून अडकल्यास वाटी ओसंडून वाहते. गाडीत पेट्रोलचा वास येणे हे पातळ-दाटपणाचे लक्षण नव्हे. तापलेल्या एक्झॉस्टवर ठिबकणाऱ्या पेट्रोलने गाडी पेटू शकते, म्हणून वास आल्यास इंजिन सुरू न करता आधी गळती शोधावी आणि नळ्या फ्लोरोरबराच्या घालाव्यात. टाकीतील जुना चिकट थरही याच सुमारास सुटू लागतो. नवे पेट्रोल भरल्यानंतरच्या पहिल्या काही टाक्यांत फिल्टर वारंवार तुंबणे अपेक्षितच असते, आणि तेवढ्या काळात ‘कचरा आला’ हे जुने वाक्य खरोखर निदान ठरते.