सायकलीच्या सीटचा दांडा फ्रेममध्ये का अडकतो?

कागल तालुक्यातील मुरगूड वेदगंगेच्या खोऱ्यात वसलेले आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तेथील सायकलीची फ्रेम क्वचितच पूर्ण कोरडी होते. अशा सायकलीची सीट वर्षानुवर्षे हलविली नाही, तर वाढत्या मुलासाठी ती वर घेण्याच्या वेळी दांडा जाम झालेला आढळतो. हा प्रश्न बळाचा भासतो; वस्तुतः तो रसायनशास्त्राचा आहे.

दांडा व नळी यांमधील फट अत्यंत अरुंद असते. चाकाने उडविलेले आणि सीटवरून ओघळलेले पाणी केशाकर्षणाने तीत शिरते व उन्हातही लवकर सुकत नाही. दोन्ही भाग पोलादाचे असल्यास गंज धरतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्यामुळे तो पाचरीप्रमाणे फटीत ठासून बसतो.

दांडा ॲल्युमिनियमचा असल्यास संकट टळते असे नाही. दोन भिन्न धातू ओलाव्यात परस्परांस भिडले की विद्युत्-घट तयार होतो. येथे ॲल्युमिनियम इलेक्ट्रॉन गमावून झिजते आणि त्याचे पांढरे हायड्रॉक्साइड फटीत साचते. न्यूयॉर्क येथील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यात तांब्याचा पत्रा व आतील लोखंडी पट्ट्या यांमधील विलगक थर निकामी झाल्यावर लोखंड याच रीतीने गंजले. १९८४ ते १९८६ मधील दुरुस्तीत त्या पट्ट्यांच्या जागी स्टेनलेस पोलादाच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या.

यावरून प्रतिबंधाचे तत्त्व स्पष्ट होते : धातू व पाणी यांत अखंड आडपडदा हवा. पावसाळ्यापूर्वी व नंतर सीटच्या उंचीची खूण करून दांडा बाहेर काढावा, तो व नळीचा आतील भाग पुसावा, दोहोंस ग्रीसचा पातळ थर द्यावा. सायकल फार भिजल्यास दांडा काढून ती उलटी करावी, म्हणजे आतील पाणी निथळते. फ्रेम किंवा दांडा कार्बन-तंतूंचा असल्यास मात्र साध्या ग्रीसऐवजी त्यासाठीचा खास लेप वापरावा.

अडकलेल्या दांड्यास प्रथम झिरपणारे तेल द्यावे व एक दिवस थांबावे. ॲल्युमिनियमचा प्रसरणांक अंशामागे सुमारे दशलक्षांश २३, तर पोलादाचा १२ आहे. म्हणून पोलादी फ्रेममधील ॲल्युमिनियमचा दांडा तापविल्यास अधिकच आवळतो. बर्फाने थंड केल्यास सैल होण्याचा संभव असतो. हातोड्याने मात्र बहुधा नळीच वाकते. बोटभर ग्रीस वेळेवर लावल्यास तीच फ्रेम पुढे धाकट्या भावंडाच्याही उपयोगी पडते.