आउटबॅकमध्ये हाक मारली तर ऐकणार कोण?

मे ते सप्टेंबर हा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या मुलखात फिरायचा हंगाम. मेलबर्न, सिडनी, अ‍ॅडलेडमधल्या कितीतरी मराठी घरांत याच सुमारास भारतातून आईवडील आलेले असतात, मुलांना सुट्टी असते आणि गाडीनं उलुरूपर्यंत जाऊन यायचे बेत शिजतात. तंबू कुठला, टायर कुठले, खाण्याचं काय, यावर महिनाभर खल होतो. संपर्काचं साधन मात्र निघायच्या आदल्या आठवड्यात घेतलं जातं, दुकानदारानं सुचवलं म्हणून नाहीतर मित्राकडे आहे म्हणून.

हा क्रम उलटा हवा, असं मला ठामपणे वाटतं. अ‍ॅडलेडहून उलुरूकडे जाताना ग्लेंडॅम्बो ते कूबर पेडी हा सुमारे २५० किलोमीटरचा पट्टा लागतो. रस्ता उत्तम डांबरी, पण मध्ये पेट्रोलपंपसुद्धा नाही. आणि हा तर हमरस्ता. कॅनिंग स्टॉक रूटसारखी वाट १८०० किलोमीटरहून लांब आहे आणि तिथं दिवसभरात एखादी गाडी दिसली तरी नशीब. अशा ठिकाणी कुठलंही उपकरण घेण्याआधी किंमत आणि बॅटरी नंतर बघा, आधी एवढंच विचारा: बटण दाबलं तर पलीकडे ऐकणारं कोण असेल? तो माणूस काय करू शकेल? बहुतेक गैरसमज हा प्रश्न न विचारल्यामुळेच टिकून आहेत.

गैरसमज: कव्हरेज नसलं तरी ११२ लागतोच.

सगळ्यात पसरलेला आणि सगळ्यात धोक्याचा समज हाच. ऑस्ट्रेलियात आपत्कालीन क्रमांक ०००, म्हणजे ट्रिपल झीरो. मोबाइलवरून ११२ फिरवला तरी कॉल तिथंच जातो. यातली खरी सोय एवढीच, की तुमच्या कंपनीचा सिग्नल नसेल आणि दुसऱ्या कंपनीचा टॉवर आवाक्यात असेल, तर कॉल त्या टॉवरवरून जातो. ही सोय ०००लाही आहे. ११२मध्ये वेगळी जादू काही नाही, तो उपग्रहाशी जोडलेला नाही. एकाही कंपनीचा टॉवर नसेल तर दोन्ही क्रमांक सारखेच निरुपयोगी.

मोबाइल कंपन्या ‘९९ टक्क्यांहून अधिक’ कव्हरेज सांगतात ते खोटं नाही. पण तो आकडा लोकसंख्येचा आहे, जमिनीचा नाही. हा देश सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटरचा आणि माणसं बहुतेक सगळी किनाऱ्यालगत. सर्वांत मोठ्या जाळ्याच्या कंपनीचा स्वतःचा दावा घेतला तरी निम्म्याहून कमीच भूभाग त्यात येतो.

इथं भारतातून आणलेल्या फोनबद्दल एक सूचना. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस उरलंसुरलं थ्रीजी बंद झालं. जे फोन फोरजीवरून ०००ला कॉल लावू शकत नाहीत, ते नेटवर्कवर चालू द्यायचे नाहीत असा नियम झाला आणि परदेशात विकत घेतलेले काही हँडसेट त्यात अडकले. आईबाबांच्या हातातला फोन इथल्या सिमवर चालतो का, हे निघण्याआधीच तपासा.

गैरसमज: नवा फोन थेट उपग्रहाशी बोलतो, मग वेगळं काही कशाला?

अर्धं खरं आहे. आयफोन १४ आणि त्यापुढच्या फोनवरून उपग्रहामार्फत मदत मागण्याची सोय ऑस्ट्रेलियात मे २०२३पासून आहे. जून २०२५पासून टेलस्ट्रानं ठरावीक हँडसेटवरून उपग्रहामार्फत एसएमएस पाठवायची सोयही सुरू केली. जीव वाचवायला हे उपयोगी पडू शकतं आणि फोनमध्ये सोय असेल तर ती घरीच शिकून घ्यावी. पण ०००ला एसएमएस जात नाही, हे पक्कं लक्षात असू द्या. साध्या एसएमएसनं तुम्ही कळवणार ते घरच्या माणसाला, आणि ते माणूस जागं असेल, फोन बघेल, तेव्हा पुढची हालचाल.

शिवाय हाच फोन दिवसभर नकाशा दाखवत असतो, फोटो काढत असतो, डॅशबोर्डवर तापत असतो. अ‍ॅपल स्वतः आयफोन वापरायला ० ते ३५ अंश तापमान सांगतं. आउटबॅकच्या उन्हात उभ्या गाडीच्या आत हा पारा केव्हाच मागे पडतो आणि तापलेला फोन स्वतःला बंद करून घेतो. काच फुटली, बॅटरी संपली, तरी तेच. म्हणून फोन हे जादा साधन समजावं, मुख्य नव्हे.

गैरसमज: पीएलबीचं बटण दाबलं की तासाभरात हेलिकॉप्टर.

पीएलबी म्हणजे खिशात मावणारं, बहुधा पिवळ्या रंगाचं बीकन. माझं मत विचाराल तर आउटबॅकमध्ये जाणाऱ्या प्रत्येक गाडीत हे असलंच पाहिजे, आणि पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर याचीच खरेदी करावी. त्यामागची यंत्रणा समजली की हा आग्रह का, ते पटेल.

कॅनडा, फ्रान्स, अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी शीतयुद्धाच्या काळातही एकत्र येऊन कोस्पास-सारसॅट नावाची उपग्रहयोजना उभी केली. तिचा पहिला उपग्रह १९८२च्या जूनमध्ये वर गेला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅनडात कोसळलेल्या एका छोट्या विमानातली माणसं त्याच्यामुळे सापडली. आज भारतासह अनेक देश या योजनेत आहेत. बीकन सुरू केलं की ते साधारण दर ५० सेकंदांनी ४०६ मेगाहर्ट्झवर पाच वॅट ताकदीचा संदेश सोडतं. तो उपग्रहांमार्फत कॅनबेरातल्या बचाव केंद्रात पोचतो. हे केंद्र ऑस्ट्रेलियन सागरी सुरक्षा प्राधिकरणाचं, म्हणजे ‘आम्सा’चं. नाव सागरी असलं तरी वाळवंटातल्या बीकनचीही दखल हेच केंद्र घेतं आणि तिथं चोवीस तास माणूस असतो. मासिक शुल्क नाही, सिम नाही, पासवर्ड नाही. बटण एकदा दाबलं की बीकन किमान २४ तास चालतं, आणि जवळ आलेल्या पथकाला दिशा कळावी म्हणून १२१.५ मेगाहर्ट्झवर वेगळा क्षीण सिग्नलही देत राहतं.

ऐकणारा पक्का आहे, पण त्याला कळतं फार थोडं. बीकन कुणाचं आणि साधारण कुठं, एवढंच. पाय मोडला आहे की साप चावला आहे, माणसं दोन की सहा, यातलं काही संदेशात नसतं. ती उणीव भरून निघते नोंदणीनं. आम्साकडे नोंदणी फुकट होते, दर दोन वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं, आणि तिथं प्रवासाचा मार्ग, गाडीचा प्रकार, सोबतची माणसं, अडीअडचणीला फोन करायचे क्रमांक, सगळं लिहिता येतं. सिग्नल आला की केंद्र आधी याच क्रमांकांवर फोन करतं. तिथं पुण्यातल्या बहिणीचा नंबर दिलेला असेल, तिला रात्री परदेशातून अनोळखी क्रमांकावरून फोन आला आणि तिनं तो घेतला नाही, तर मोलाचा वेळ गेला. संपर्काला ऑस्ट्रेलियातलं, तुमचा रस्ता माहीत असलेलं, फोन उचलणारं माणूस हवं.

मित्राकडून बीकन उसनं घेणाऱ्यांनी तर हे जास्तच ध्यानात घ्यावं. त्याची नोंद मित्राच्या नावावर आहे, कदाचित त्याच्या बोटीच्या नावावरही. तुम्ही सिम्पसन वाळवंटात अडकलात तर पहिला फोन त्याला जाणार. उसनं घ्यायला हरकत नाही, पण मित्राला आम्साच्या नोंदीत तुमच्या प्रवासाचा तपशील आधी भरायला सांगा. घेताना बीकनमध्ये जीपीएस आहे ना, हेही पाहा. जीपीएस असलेल्या बीकनची जागा सुमारे १२० मीटरच्या आत कळते, नसलेल्याची पाचेक किलोमीटरच्या आत. वाळूच्या ढिगांनी भरलेल्या मुलखात हा फरक फार मोठा आहे. आणि अंगावरची मुदत वाचा, बॅटरी कालबाह्य झाली असेल तर स्वस्तातलं जुनं बीकन घेण्यात अर्थ नाही. १२१.५वरचं नुसतं जुनं बीकन तर कुणी देऊ केलं तरी घेऊ नका, उपग्रहांनी ते ऐकणं १ फेब्रुवारी २००९पासून बंद केलं आहे.

बटण दाबताना गाडीतून बाहेर या, अँटेना सरळ वर उभी करा, डोक्यावर मोकळं आकाश असू द्या. मग वाट पाहायची. मदत हेलिकॉप्टरनं येईल, विमानानं येईल किंवा जवळच्या ठाण्यावरून पोलिसांची गाडी येईल, ते अंतर, हवामान आणि उजेड यांवर ठरतं. त्यात कित्येक तास जाऊ शकतात. मुलाच्या हातून चुकून बटण दाबलं गेलं तर घाबरून बीकन लपवू नका. ते बंद करा आणि लगेच केंद्राला फोन करून सांगा. अनवधानानं झालेल्या चुकीला दंड नाही, उलट फोन न केल्यास शोधपथक उगाच बाहेर पडतं.

गैरसमज: इनरीच, झोलिओ ही महागडी पीएलबीच.

नाही. ही दुहेरी संदेश देणारी उपकरणं आहेत आणि त्यांचा एसओएस आधी कंपनीनं नेमलेल्या प्रतिसाद केंद्राकडे जातो, तिथून ऑस्ट्रेलियातल्या यंत्रणेकडे. एक पायरी वाढते, पण त्या बदल्यात बोलता येतं. ‘अ‍ॅक्सल तुटला, सगळे ठीक, चार दिवसांचं पाणी आहे’ एवढं कळवलं की हेलिकॉप्टरऐवजी टो-ट्रक निघतो. पीएलबी फक्त जिवावर बेतल्यावरच वापरायचं असतं. आउटबॅकमधल्या बहुतेक अडचणी त्याच्या अलीकडच्या असतात आणि तिथं हे उपकरण खरं कामाचं. मात्र वर्गणी संपली की ते गप्प बसतं, आणि बॅटरी दर काही दिवसांनी चार्ज करावी लागते. ऐपत असेल तर दोन्ही बाळगा, एक बोलायला, एक शेवटच्या हाकेला.

गैरसमज: सॅटेलाइट फोन असला की बाकी कशाची गरज नाही.

बोलण्याला तोड नाही, हे खरं. पेडल रेडिओची कहाणी तेच सांगते. जॉन फ्लिन यांच्या उपक्रमातून १७ मे १९२८ला क्लॉनकरीहून फ्लाइंग डॉक्टरांचं पहिलं विमान उडालं, पण दूरच्या गुरांच्या स्टेशनवरच्या माणसानं डॉक्टरला बोलावायचं कसं? त्याचं उत्तर आल्फ्रेड ट्रेगर यांनी १९२९मध्ये दिलं, पायानं पेडल मारून वीज तयार करणाऱ्या रेडिओनं. डॉक्टरांची सेवा खऱ्या अर्थानं लोकांपर्यंत गेली ती या रेडिओमुळे. आजही छातीत दुखणाऱ्या वडिलांना गोळी द्यावी की नाही, हे पलीकडच्या डॉक्टरला विचारता येणं याचं मोल कुठल्याही बटणाला नाही.

पण फोन कुणी लावायचा? चालवणाराच बेशुद्ध असेल तर बाकीच्यांना तो वापरता येतो का? पोलिसांचे, फ्लाइंग डॉक्टरांचे क्रमांक त्यात भरलेले आहेत का? आणि फोन कुठल्या जाळ्यावरचा, हे तर पाहिलंच पाहिजे. इरिडियमचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून सगळी पृथ्वी व्यापतात. थुरायाचं तसं नव्हतं. एप्रिल २०२४मध्ये थुराया-३ हा एक उपग्रह बिघडला आणि ऑस्ट्रेलियातले थुराया फोन एका फटक्यात मुके झाले. कुणी असा हँडसेट स्वस्तात देऊ केला तर तो का स्वस्त आहे, ते समजून घ्या. थोड्या दिवसांच्या सहलीसाठी फोन भाड्यानं मिळतो, तेच परवडतं.

यूएचएफ रेडिओबद्दल थोडक्यात. ५ आणि ३५ हे चॅनेल आपत्कालीन कामासाठी राखलेले आहेत, पण तिथं सतत कुणी ऐकत बसलेलं असतं असा समज करून घेऊ नका. सपाट प्रदेशात या रेडिओचा आवाका पाच ते वीस किलोमीटरच्या आसपास. ४० नंबरवर ट्रकचालक भेटतात. सिम्पसनच्या वाळूच्या ढिगांवर समोरून येणाऱ्या गाडीला सावध करायला १० नंबर वापरतात. रोजच्या सुरक्षेसाठी हा रेडिओ हवाच, पण लांबच्या मदतीसाठी तो नाही.

यातलं काहीही घेतलं तरी मधले तास तुम्हालाच काढायचे आहेत. १९६३च्या डिसेंबरात बर्ड्सव्हिल ट्रॅकवर, इंग्लंडहून नव्यानं आलेलं पाच जणांचं एक कुटुंब इंधन संपून अडकलं. ते गाडी सोडून पाण्याच्या शोधात निघाले आणि पाचही जण दगावले. वरून पाहणाऱ्या वैमानिकाला गाडी दिसते, झुडपाखाली बसलेला माणूस दिसत नाही. म्हणून पाणी हिशेबापेक्षा जास्त घ्या, गाडीपाशीच सावली करा, आणि बीकन बॅगेच्या तळाशी नव्हे, अंगावर ठेवा. गाडी उलटली तर डिकी उघडेलच असं नाही. बीकन विकत घ्यायचं नसेल, तर ब्लू माउंटन्ससारख्या ठिकाणी चालायला जाणाऱ्यांना न्यू साउथ वेल्सचे पोलिस आणि राष्ट्रीय उद्यान विभाग ते फुकट वापरायला देतात. वापरून झालेलं, मुदत संपलेलं बीकन कचऱ्यात टाकू नये. ते कचराडेपोत सुरू होतं आणि शोधपथक तिथं येऊन धडकतं. बॅटरी गोळा करणाऱ्या दुकानात ते द्यावं.

शेवटी, दिवाळीला घरी जाणाऱ्यांसाठी. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात सॅटेलाइट फोन आणता येत नाही, आणि इनरीचसारखी उपकरणंही त्यातच धरली गेली आहेत. २०२४च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन पर्यटक महिलेला सुरक्षा तपासणीत केवळ इनरीच जवळ असल्यामुळे अडवलं गेलं आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. ट्रेकची तीच सॅक घेऊन विमानात बसण्याची सवय असेल तर निघण्यापूर्वी तिचे सगळे कप्पे तपासा आणि उपग्रहाशी बोलणारं जे काही असेल ते ऑस्ट्रेलियातल्या घरीच ठेवा. सह्याद्रीत किंवा हिमालयात ते खरंच हवं असेल, तर आधी परवानगी काढा.